जानकीवैनीचं गाऱ्हाणं

सोप्याला पुन्हा निळा रंग दिला आहे. पूर्वीचा निळा चुन्यात नीळ कालवून हातानं फासलेला असायचा. खाणीच्या धुळीनं त्याच्यावर तांबूस साय धरायची आणि टीव्हीवर तो जांभळा दिसायचा. पाठ टेकून बसलं की साडीला, सदऱ्याला त्याचे ठसे उठायचे. आत्ताचा निळा डब्यातला आहे. मी बोट फिरवून बघितलं, बोटाला काही लागलं नाही.

आमच्याकडे घराच्या दारापुढे, दोन्ही बाजूंना बसायला दगडी कट्टे असलेली जी ओसरी असते, तिला सोपो म्हणतात. मुळगावातल्या या सोप्यावर बारा वर्षांपूर्वी एका मालिकेचं चित्रीकरण व्हायचं. मालिकेचं नाव 'जानकीवैनीचो सोपो'. डिचोली आणि पेडण्यापुरत्या दिसणाऱ्या एका केबल वाहिनीवर ती दर गुरुवारी संध्याकाळी सातला लागायची. तिच्यातली जानकीवैनी म्हणजे माझी आते, बाबांची धाकटी बहीण शालन. तीन वर्षं चाललेली ती मालिका एका आठवड्यात बंद पडली होती. आता ती परत सुरू होते आहे आणि आज पहिल्या भागाचं चित्रीकरण आहे. मी आतेला स्कूटरवरून घेऊन आले आहे. सकाळपासून तिनं तीनदा साडी बदलली. फोनवर तिला एवढंच सांगितलंय, "ये गो, तुजो रोल आसा." कुठला रोल, हे तिनं विचारलं नाही. तिच्या लेखी दुसरा रोल नव्हताच.

फाटकावर नवा फलक आहे. 'लोकाग्रहास्तव पुन्हा!' असं त्यावर लिहिलंय. आते तो वाचून हसली. मी मान फिरवली.

ही मालिका का बंद पडली याची कारणं मला क्रमांक घालून लिहिता येतील. तसं लिहायलाच मी लहानपणी शिकले. पण इथे उभं राहिल्यावर कारणं आधी येत नाहीत, वास आधी येतात.

आमच्या घराला शाईचा, रॉकेलचा आणि ओल्या कागदाचा वास होता. बाबा हायस्कुलात शिकवायचे आणि शाळा सुटली की पत्रकं काढायचे. नदीसाठी, शेतासाठी, भाषेसाठी, धुळीसाठी, चुकलेल्या बसच्या वेळेसाठी. मी अक्षरं ओळखायला लागले ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. माझ्या वह्यांना पत्रकांची कव्हरं, कुजनीत, म्हणजे स्वयंपाकघरात, भाजी निवडायला पत्रक, गळक्या जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, फटीत पत्रक. अजूनही एखाद्या छापखान्यावरून गेले की मला भूक लागते. मसुदा बाबांचा, छपाई बाबांची, आणि खाली सही मात्र नेहमी 'समस्त ग्रामस्थ'. आमच्याकडे सगळीच पत्रकं अशी असतात, देवळाची काय आणि क्लबाची काय. एकट्याच्या नावाला वजन येत नाही म्हणून गावाचं नाव घालायचं. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे, मलाही वाटलं नाही.

घडी घालायचं काम आतेचं. ती आमच्याबरोबरच राहायची. जमिनीवर पाय पसरून बसायची, एकेक कागद दुमडायची आणि चमच्याच्या पाठीनं घडीवर एक रेघ ओढायची. सर्र. तो आवाज माझ्या लहानपणातल्या सगळ्या दुपारांना आहे. दिवसा ती बालवाडीत शिकवायची आणि जत्रेच्या दिवसांत नाटकांना प्रॉम्प्टिंग करायची. विंगेत वही घेऊन उभी राहायची आणि बापयांना, म्हणजे पुरुषांना, न आठवणारे शब्द पुरवायची. सगळ्या नाटकांतली सगळी कामं तिला पाठ. पण रंगमंचावर तिला कुणी बोलावलं नाही. बायकांची कामं करायला बाहेरून नट्या आणायची रीत होती, आणि गावची बाई ती गावचीच.

तिला विंगेतून बाहेर काढलं ते पेडण्याच्या भिकूदांनी. भिकूदा आधी दशावतारात नाचायचे, मग लग्नांचे व्हिडिओ काढायचे, आणि मग त्यांच्या डोक्यात मालिकेनं घर केलं. "शालन," ते आमच्या दारात उभं राहून म्हणाले, "तुजो आवाज पडद्याआड फुकट वता. एक दीस तोंडासकट भायर काडून बघूंया."

चित्रीकरण रविवारी. इतर दिवशी सोप्यापुढच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक एकामागून एक जायचे आणि कुणाचं वाक्य ऐकू यायचं नाही. रविवारी ट्रक बंद. टँकर येऊन रस्त्यावर पाणी मारून जायचा आणि तापल्या तांबड्या मातीचा तो वास सुटायचा. माझ्यासाठी आतेच्या पावडरीचा आणि खोबरेल तेलाचा वास त्या ओल्या धुळीतच मिसळलेला आहे, वेगळा काढता येत नाही. नेमका ऐन रंगात आलेल्या प्रसंगात पोदेर सायकलवर पाव घेऊन यायचा आणि भोंगा वाजवायचा. भिकूदा डोकं धरायचे. आते मात्र वाक्य न तोडता म्हणायची, "थांब हां, पाव घेतां," आणि खरंच उठून पाव घ्यायची. कॅमेरा चालूच. तो भाग तसाच लागायचा.

जानकीवैनी ही एक विधवा बाई. तिच्या सोप्यावर वाड्यावरचं, म्हणजे वस्तीतलं, कुणी ना कुणी येऊन बसायचं. कुणाची म्हैस सापडत नाही, कुणाची सून बोलत नाही, कुणाच्या नवऱ्यानं पंचायतीला उभं राहायचं मनावर घेतलंय. वैनी चहा द्यायची, टोमणे द्यायची. आम्ही हसता हसता कधी गप्प व्हायचो ते कळायचं नाही. आणि शेवटी ती गाऱ्हाणं घालायची.

कुठलंही कार्य असो, आमच्याकडे आधी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्यानं गावाची मागणी मांडतो आणि बाकीचे प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. घालणारा नेहमी पुरुष. मालिकेत मात्र ते जानकीवैनी घालायची. पदर खोचून, सोप्याच्या पायरीवर उभी राहून, सरळ कॅमेऱ्याकडे बघून.

"हे बा देवा म्हाराजा! ह्या पांडग्याची म्हस सांज जावचे आदीं घरा येवं दी. आनी म्हस येयना जाल्यार पांडग्याक तरी घरा धाड. तीन दीस तो माझ्या सोप्यार बसून चाय पिता रे म्हाराजा!"

आणि गुरुवारी साडेसातला वाड्यावरच्या प्रत्येक जनेलातून एकदम आवाज उठायचा, "व्हय म्हाराजा!" टीव्हीला उत्तर देणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. आमच्या घरी पहिला आवाज बाबांचा.

"देवाक मानीनात, टीव्हीक मानतात," आई म्हणायची.

"मी देवाला नाही, लोकांना हो म्हणतोय," बाबा अगदी गंभीरपणे सांगायचे. आते कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसलेली असायची. स्वतःचा आवाज ऐकताना तिचे पाय थंड पडायचे. मी ते हातात धरून बसायचे.

आमच्या जनेलाबाहेर दोडामार्गचा एक ट्रक ड्रायव्हर उभा असायचा. आम्ही त्याला तातो म्हणायचो. आत ये म्हटलं तरी यायचा नाही, "आंगार धूळ आसा, बाय," म्हणायचा. त्याच्या भुवया, मिशा, पापण्या सगळ्या तांबड्या. वाड्यावर सगळ्यात मोठ्यानं 'व्हय म्हाराजा' म्हणणारा तो.

मालिकेच्या तिसऱ्या वर्षी त्या सोप्यामागच्या विहिरीचं पाणी तांबडं झालं. मालिकेतल्या नव्हे, खरोखरच्या. त्या गुरुवारच्या भागात म्हैस शोधायची एक मोठी गंमत होती, आम्ही पोट धरून हसलो. मग आते पायरीवर उभी राहिली. तिच्या हातात पितळेचा तांब्या होता. तिनं तो हळूहळू पायरीवर ओतला.

"हे बा देवा म्हाराजा! आमच्या बांयचें उदक तांबडें जालां. भुरगीं म्हणतात सरबत. आमी तुजेकडे कितें नवें मागनात. आमचें आसलें तें आमकां परत दी रे म्हाराजा!"

नेहमी पहिला आवाज देणारे बाबा घरी नव्हते. शेजारच्या घरातूनही आवाज नाही. पहिला आवाज आला तो जनेलाबाहेरून, तातोचा. ज्याचं पोट त्या धुळीवर चालायचं त्याचा. मग सगळा वाडा ओरडला.

मी त्या रात्री आतेला काही म्हणाले नाही. तिचा अभिमान वाटला होता तो सांगायचा राहिला. का राहिला? कारण मालिका सुरू होण्याआधी जाहिरात लागली होती, खाणीची. हिरवीगार झाडं, हसरी मुलं. मला सतरावं लागलं होतं. मला फक्त ती जाहिरात दिसली. जो हात आमची विहीर तांबडी करतो, त्याच हातानं दिलेलं हसू आम्ही घ्यायचं? बाबा तेव्हा मडगावला शिबिराला गेले होते. मी त्यांच्या मेजावर बसले आणि एका बैठकीत पत्रक लिहिलं. 'धुळीच्या पैशाचं हसू नको! जाहिरात बंद करा, नाही तर मालिका बंद करा!' मला आजही त्यातलं एकही वाक्य खोडावंसं वाटत नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त छळतं. खाली सवयीनं लिहिलं, 'समस्त ग्रामस्थ, मुळगाव'. बाबांची छपाईची मशीन मीच फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बालवाडीतून आल्यावर आते नेहमीसारखी पाय पसरून बसली. गठ्ठा पुढे ओढला. वरचा कागद वाचला. चमचा हातात तसाच.

"हें माझ्या आड आसा मगे?"

"तुझ्या विरुद्ध नाही, आते. जाहिरातदाराच्या विरुद्ध."

"बरें."

आणि तिनं घडी घातली. सर्र. मग दुसरी. मी समोर बसून बघत होते. एकदा तरी ती थांबेल असं मला वाटत होतं, थांबली असती तर मी गठ्ठा चुलीत घातला असता. हे मी आता म्हणते. तेव्हा मी पत्रकं पिशवीत भरली आणि डिचोलीच्या बाजारात वाटून आले.

मला माहीत नव्हतं ते एवढंच: विहिरीच्या गाऱ्हाण्यानंतर जाहिरातवाला आधीच भडकला होता. आणि वाड्यावरच्या काही बापयांना अचानक आठवण झाली होती की बायलमनशेन, बाईमाणसानं, गाऱ्हाणं घालणं रीतीत बसत नाही. तीन वर्षं तेही टीव्हीसमोर 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. भिकूदा सगळ्यांना एकच उत्तर देऊन वेळ काढत होते, "गांव आमच्या वांगडा आसा," गाव आपल्या बाजूनं आहे. त्यांच्या हातात तेवढंच होतं. माझं पत्रक जाहिरातवाल्याच्या माणसानं वाहिनीच्या टेबलावर ठेवलं. गावच म्हणतोय, बंद करा. पुढच्या गुरुवारी सातला निळ्या पडद्यावर पट्टी आली, 'ग्रामस्थांच्या मागणीनुसार मालिका थांबवण्यात येत आहे.'

भिकूदा पत्रक मुठीत चुरगळून आमच्या घरी आले. "समस्त ग्रामस्थ! कोण हो समस्त? माका एकट्याचें तोंड दाखय, शालन!"

मी दाराआड होते. आते त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेली.

"गांव तो," ती म्हणाली. "गांवाचें मन फिरलें."

त्यांचा विश्वास बसला. मग ते आमच्या सोप्यावर बसून लहान मुलासारखे रडले, आणि आते त्यांना वारा घालत राहिली.

बाबा शिबिरावरून आले. त्यांनी पत्रक वाचलं. "मसुदा चांगला आहे," ते म्हणाले आणि मग त्यांची नजर आतेकडे गेली. त्यानंतर आमच्या घरात बरेच दिवस पत्रक निघालं नाही.

तिनं मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. फक्त गुरुवारी सातला ती अंगणात जायची आणि अबोलीच्या कळ्या खुडत बसायची. कळ्या संपल्या तरी बसायची. जत्रेच्या नाटकवाल्यांनी परत प्रॉम्प्टिंगला, विंगेतून हळू बोलायला, बोलावलं, तेव्हा म्हणाली, "आता माका हळू उलवपाक जमना." वर्षभरानं तिनं नार्व्याच्या बालवाडीत बदली मागून घेतली आणि तिकडेच नदीकाठी खोली घेतली. जाताना घडीचा चमचा आमच्याकडे राहिला. आम्ही त्यानं आमटी वाढतो.

मग खाणी बंद झाल्या. ट्रक अंगणांत गंजले, त्यांच्यावर वेली चढल्या. तातो त्याच्या गावी गेला, त्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. ज्यांना धुळीनं खोकला आणला होता त्यांना आता धूळ हवी होती. मी वर्तमानपत्रांत लिहायला लागले आणि आता खाली स्वतःचं नाव घालते. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी मालिकेचे जुने भाग फोनवर टाकले. ते लंडनला गेलेल्या आमच्या पोरांनी बघितले, बोटीवर नोकरीला असलेल्या पोरांनी बघितले. म्हशीचा भाग तर सगळ्यांना पाठ झाला. विहिरीचा भाग मात्र कुठेच नाही. त्या टेपला बुरशी लागली, भिकूदा सांगतात. मग एक जमीनवाला पैसे घालायला पुढे आला. पेडण्याला विमानतळाजवळ तो प्लॉट विकतो. मालिका परत आली ती अशी.

आज भिकूदांनी आतेला खुर्चीवर बसवलं, स्वतः उभे राहिले. त्यावरूनच मी ओळखलं.

"शालनबाय, जानकीवैनी आता एक नवी चेडूं करता. पणजेची. फोनार तिका खूप लोक बघतात. तूं तिची थोरली जाव. एक वाक्य आसा, पूण मेन."

"आनी गाऱ्हाणें?"

भिकूदा फलकाकडे बघत राहिले. "तें एक बापयो घालतलो. पयशेवाल्यांक वाद नाका."

मी उसळले. "भिकूदा, लाज नाही वाटत? तीन वर्षं मालिका कुणाच्या आवाजावर चालली? मी लिहीन यावर. उद्याच्या उद्या."

"तूं गप रव गो बाय," आते म्हणाली. ती हसत होती. "तुजें एक पत्रक पुरो म्हज्या जल्माक."

बारा वर्षांत पहिल्यांदा तिनं ते तोंडातून काढलं. भिकूदांनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं. आते उठून मेकअप करायला गेली.

अकरा वाजता तिनं दार उघडून, हातात ट्रे घेऊन वाक्य म्हटलं, "चाय थंड जाता, घे."

पहिल्याच फटक्यात ओके.

"जालें?" तिनं विचारलं.

"जालें."

ती घरी चल म्हणाली नाही. खांबाजवळ स्टूल घेऊन बसली. दुपारी गाऱ्हाण्याचा प्रसंग लागला. पांढरा सदरा घातलेला तो माणूस चांगला होता, सज्जन. सगळ्यांचं बरं कर, सगळ्यांना सुखी ठेव, असं काहीतरी तो देवाकडे मागत होता. त्याला उत्तर द्यायला कुणी नव्हतं. "आवाज मागीर घालूंया," ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर बसलेली मुलगी म्हणाली. मध्येच तो माणूस अडकला, आणि खांबाआडून अगदी हळू आवाजात त्याला पुढचे शब्द मिळाले. त्यानं ते उचलले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी सोप्यामागे गेले. विहिरीवर सिमेंटचं झाकण आहे, त्यावर पंप बसवलाय.

निघताना आतेनं तोंड पुसलं नाही. नार्व्याला जायचा सरळ रस्ता मी धरणार तेवढ्यात तिनं माझ्या खांद्यावर थोपटलं. "बाजारांतल्यान घे."

डिचोलीचा बाजार दुपारच्या झोपेतून नुकता उठत होता. मासळीवाल्या पाट्यांवर पाणी शिंपडत होत्या. आते मागे ताठ बसली होती, गालांवर पावडर, कपाळावर मोठं कुंकू. बराच वेळ कुणी बघितलं नाही. मग एक मासळीवाली उठून उभी राहिली.

"अगो, ही आमची जानकीवैनी न्ही?"

"तीच," आते म्हणाली.

"परत लागता म्हण! आमी वाट बघतांव. तूंच गाऱ्हाणें घालतली मगे?"

मी गाडीचा वेग कमी केला होता. सांगून टाकावं असं माझ्या जिभेवर आलं. खोटं चालवून घ्यायला मी कधी शिकले नाही, आणि ही बाई उद्या टीव्हीसमोर बसून फसणार होती.

"हांव ना तर कोण?" आते म्हणाली.

"तर मग आमच्या वाड्यार आठ दीस नळाक उदक ना, तें घाल गो. माझें नांव घेवन घाल."

"घालतां. नांव सांग."

तिनं नाव सांगितलं. शेजारची पुढे आली, तिच्या लेकीच्या कॉलेजची बस बंद झालीय. तिच्यामागून भाजीवाली, हात पदराला पुसत, तिचा लेक बोटीवरून तीन महिने फोन करत नाही. आतेनं एका हातानं माझा खांदा धरला होता आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर ती एकेक मागणी मोजत होती.

मी गाडी बंद केली. स्टँडवर लावली.

"सावकाश सांगात," आते त्यांना म्हणाली. "माका सगळें याद रवता."